पितळेवर कोरलेली चूक

एव्हरेट क्लॅपला उभ्या आयुष्यात एकही चेंडू धड झेलता आला नव्हता. त्यामुळेच की काय, ओटर बेंड गावात कोणाचा चेंडू कसा सुटला हे ठरवायचं काम त्याच्याकडे होतं. संध्याकाळच्या वर्तमानपत्रात खेळाचं पान तो लिहायचा, आणि बेसबॉलच्या लीगने त्याला अधिकृत गुणलेखक नेमलं होतं. प्रेक्षकांच्या डोक्यावर, पत्र्याच्या छपराला टांगल्यासारखं एक लाकडी खोकं होतं. त्यात ठिपक्यांचा बो-टाय लावून, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढून तो बसायचा. फलंदाज चेंडू मारून पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या थांब्यावर, सुखरूप पोचला, की सगळ्या मैदानाच्या माना त्या खोक्याकडे वळायच्या. क्लॅपने एक बोट वर केलं तर तो मारणाऱ्याचा फटका. मूठ वर केली तर अडवणाऱ्याची चूक. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येणाऱ्या तक्त्यात जे येईल तेच घडलं. बाकी तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलंत ते तुमच्यापाशी ठेवा.

तिसऱ्या बेसपाशी उभा राहून रूडी व्हॅन्सिल हा तमाशा नऊ उन्हाळे बघत होता. छत्तिशीचा गडी, मान आखूड, पंजे फावड्यासारखे. मोठ्या लीगमध्ये त्याला कधी कोणी बोलावलं नाही आणि आता बोलावणारही नव्हतं. उन्हाळ्यात तो गावच्या संघात खेळायचा आणि हिवाळ्यात संघाचे मालक हार्लन डोअर यांच्याच चामड्याच्या कारखान्यात ओली कातडी उलटीपालटी करायचा. डोअरसाहेबांच्या हाताखाली बारा महिने राहायचं म्हणजे नाक दोन्हीकडे दाबून धरावं लागतं, असं तो म्हणायचा. सगळ्या जगाबद्दल त्याचं मत साधारण असंच होतं.

गंमत म्हणजे क्लॅपच्या तक्त्यांत रूडीची कीर्ती फार मोठी होती. गेली दोन वर्षं लीगमधल्या सगळ्या तिसऱ्या बेसवाल्यांत सर्वांत कमी चुका त्याच्याच नावावर होत्या. 'व्हॅन्सिलचे खात्रीचे हात' असा मथळा क्लॅपने दिला होता, आणि डोअरसाहेबांनी मैदानावर त्याला घड्याळ भेट दिलं होतं. घरी येऊन ते घड्याळ बायकोपुढे टाकत रूडी पोट धरून हसला होता.

"अगं लोरीन, माझे पाय गेले म्हणून हे बक्षीस दिलंय मला!"

"म्हणजे?"

"पूर्वी मी डावीकडे झेप मारून चेंडूपर्यंत पोचायचो. पोचलो की दहातला एखादा हातातून निसटायचा. लगेच मूठ वर. आता मी पोचतच नाही. चेंडू लांबून जातो, मी त्याला नमस्कार करतो. ज्याला हातच लावला नाही तो सुटणार कसा? तो शहाणा वर बसून लिहितो, खात्रीचे हात! माझ्या जागी कुंपणाचा खांब रोवला असता ना, तर त्याला दोन घड्याळं मिळाली असती."

लोरीनने घड्याळ कानाला लावून पाहिलं. "चालतंय," ती म्हणाली आणि ते कपाटात ठेवून दिलं. लोरीन हॉटेलात 'पाय', म्हणजे फळं भरलेल्या गोड पोळ्या, भाजायची, आणि कुठल्याही गोष्टीवर चार शब्दांच्या वर खर्च करायचा नाही असा तिचा बाणा होता. अगदीच गरज पडली तर ती पाच वापरायची.

तर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी काय झालं ते ऐका.

समोर कॅल्डर सिटीचा संघ होता. त्यांच्यात अमोस सॉरेल नावाचा एक जुना फलंदाज होता, रूडीच्याच वयाचा. तरुणपणी दोघे एका संघात, एका खोलीत, एका फुटक्या पंख्याखाली राहिलेले. सॉरेलचा एक गुडघा कामातून गेला होता आणि हा त्याचा शेवटचा हंगाम होता. पुढे मेहुण्याच्या दाणागोट्याच्या दुकानात बसायचं ठरलं होतं. पण जाता जाता या बुवाने चमत्कार मांडला होता. ओळीने तेहेतीस सामन्यांत त्याने निदान एक तरी फटका मारला होता. लीगचा जुना विक्रम तेवढाच. आज एक मारला की विक्रम त्याचा एकट्याचा.

आमच्या बाजूने चेंडू फेकत होता लायल लॉफग्रेन. एकोणीस वर्षांचा, गोरापान, उंच, आणि चेंडू असा फेकायचा की कॅचरच्या हातमोज्यातून धूर निघेल. डोअरसाहेब त्याला मोठ्या लीगला विकायला निघाले होते. त्या दिवशी स्टॅंडमध्ये शहरातून आलेला एक हॅटवाला बसला होता. डोअरसाहेबांनी त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने शेंगदाणे आणले. कारखान्यातल्या कोणीही त्यांना स्वतःच्या हाताने काही आणताना पाहिलेलं नव्हतं.

आठ डाव झाले आणि कॅल्डर सिटीला एकही फटका मारता आला नव्हता. असा सामना पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, आयुष्यात एखादाच येतो, बहुतेकांच्या येतही नाही. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात दोन गडी बाद झाले आणि सॉरेल लंगडत आला. त्या दिवशी तीनदा त्याचा चेंडू सरळ कोणाच्या तरी हातात गेला होता. स्टॅंड उभा राहिला होता. पाद्रीबाबासुद्धा खुर्चीवर चढले होते.

लॉफग्रेनने चेंडू टाकला आणि सॉरेलने तो असा हाणला की आवाज आधी आला की चेंडू, हे रूडीला कळलं नाही. चेंडू सरळ त्याच्यावरच आला. पायासमोर हातभर अंतरावर टप्पा पडला, तिथून तो उसळला आणि रूडीच्या गळ्याखालच्या हाडावर बसला. रूडी उताणा पडला. चेंडू कुठेतरी रेघेबाहेर घरंगळत गेला. सॉरेल बिचारा दुखरा गुडघा ओढत पहिल्या बेसवर पोचला, थांबला, टोपी काढून त्याने घाम पुसला, तरी रूडीला अजून श्वास घेता येत नव्हता.

सगळ्या माना खोक्याकडे वळल्या. क्लॅपला आयुष्यात याहून मोठा क्षण मिळणार नव्हता आणि ते त्याला ठाऊक होतं. त्याने चष्मा काढला. रुमालाने पुसला. परत लावला. खाली डोअरसाहेबांच्या शेजारी बसलेल्या हॅटवाल्याकडे एकदा पाहिलं. आणि मूठ वर केली.

असा जल्लोष झाला की नदीवरची बदकं उडाली. मातीत पडलेल्या रूडीला आधी वाटलं, आपण जिवंत आहोत म्हणून लोक आनंदाने ओरडताहेत. त्याने हात हलवून दाखवला. मग फलकाकडे नजर गेली आणि तिथे त्याच्या नावापुढे चूक लागलेली दिसली. फटका मोजला नव्हता, म्हणून गाव त्याच्या चुकीसाठी नाचत होतं. तो तसाच पडून राहिला. असल्या लोकांसाठी उठून उभं राहायची त्याला घाई नव्हती.

पुढचा, तिसरा गडी उंच चेंडू मारून बाद झाला आणि सामना संपला. तीन-शून्य. बिनफटक्याचा सामना. लॉफग्रेनला खांद्यावर घेऊन लोक नाचले. डोअरसाहेब हॅटवाल्याला मिठी मारत होते. कपडे बदलायच्या खोलीकडे जाताना सॉरेल रूडीच्या वाटेत आला.

"मेला नाहीस ना रे?"

"तुझी इच्छा असली तरी नाही."

"हाड मोडलं?"

"सुजलंय. अमोस, तो फटका होता. आंधळ्यालाही दिसला."

"आंधळ्याला दिसला असेल. बिचाऱ्या एव्हरेटला चष्मा आहे." सॉरेल हसला आणि लंगडत निघून गेला. पण बसमध्ये चढण्याआधी तो मैदानाकडे तोंड करून बराच वेळ उभा होता, तेही रूडीने पाहिलं.

सॉरेल गप्प बसला तरी कॅल्डर सिटीचा मॅनेजर बसणाऱ्यातला नव्हता. त्याने त्याच संध्याकाळी लीगच्या अध्यक्षांना फोन केला. अध्यक्षांचा मूळ धंदा अंत्यविधींचा, आणि कुठलंही प्रकरण लवकरात लवकर पुरून टाकावं हीच त्यांची सवय. त्यांनी सांगितलं, व्हॅन्सिलने स्वतः लिहून दिलं की चूक माझीच, तर तक्रार मिटली. नाही दिलं तर मला विचार करावा लागेल. विचार करावा लागेल या शक्यतेने ते फार अस्वस्थ झाले होते म्हणे.

म्हणून सोमवारी सकाळी डोअरसाहेबांची लांबलचक काळी गाडी रूडीच्या घरासमोर थांबली. शेजारपाजारच्या पडद्यांना एकदम हात फुटले. साहेब आणि क्लॅप ओसरीवर आले. लोरीनने कॉफी दिली. क्लॅपने खुर्ची रुमालाने झटकली, मगच बसला.

"रूडी, खांदा कसा आहे?" डोअरसाहेबांनी विचारलं.

"खांद्याला काही नाही. हाडाला लागलंय."

"हां हां, तेच. हे बघ, तू माझ्याकडे किती वर्षं आहेस? मी तुला कधी परका मानलं नाही. या पोराचं नशीब उघडतंय. गावाचं नाव होतंय. एवढीशी सही. त्यात तुझं काय जातं?"

"साहेब, तो चेंडू कोणालाच अडवता आला नसता."

यावर क्लॅपने घसा साफ केला. "सामान्य खेळाडूला नसता आला, हे मला मान्य आहे. पण तुझ्या योग्यतेच्या माणसाकडून आमची अपेक्षा वेगळी असते. एका अर्थाने मी तुझा सन्मानच केला, रूडी. ती मूठ म्हणजे शाबासकी समज."

रूडीने त्याच्याकडे असं पाहिलं की क्लॅपने बो-टाय सरळ केला.

"आणि पुढच्या हंगामात," साहेब म्हणाले, "मॅनेजर बदलायचाय मला. अनुभवी माणूस हवाय. बाकावर बसून हुकूम सोडायचे, पळापळ नाही. हिवाळ्यात कारखान्यातही कातड्यांवर नाही, ऑफिसात."

खोटं कशाला सांगू, रूडी डळमळला. आपल्याला मोहात पाडायला या दोघांना घरापर्यंत यावं लागलं याचा त्याला आनंद झाला, आणि आपण मोहात पडतोय याची शिसारी आली. पाय तर गेलेच होते. आणखी एक हंगाम, फार तर दोन. मग काय, जन्मभर ओली कातडी?

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

गाडी गेल्यावर लोरीन म्हणाली, "सही करून टाक."

"तूसुद्धा?"

"आजवर दोनशे चुका केल्यास."

"त्या मी केल्या होत्या! ही नाही केलेली."

"तक्त्याला काय कळतंय?" लोरीन म्हणाली आणि कामाला निघून गेली.

तिचं बोलणं बरोबर होतं आणि म्हणूनच ते रूडीला झोंबलं. दुपारभर तो ओसरीवर बर्फाची पिशवी गळ्याशी धरून बसला. सही करायची असं त्याने जवळजवळ ठरवलंही होतं. पण संध्याकाळी पेपर आला, आणि क्लॅपची बुद्धी ही देवाने रूडीच्या बाजूनेच घडवली होती हे सिद्ध झालं.

सकाळी ज्याच्या ओसरीवर कॉफी प्यायली, त्याच्याबद्दल क्लॅपने आदल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं. कदाचित खोडायला विसरला असेल. कदाचित स्वतःच्या वाक्यावर एवढा खूश असेल की खोडवलं नसेल. लॉफग्रेनच्या पराक्रमावर तीन रकाने. तो ग्रीक वीर होता, वीज होता, तारुण्याची पहाट होता. मधोमध चौकटीत सामन्याचा तक्ता. आणि शेवटी हे वाक्य: 'व्हॅन्सिलच्या हातून निसटलेला तो चेंडू माझ्या आजीनेही शिवण करता करता अडवला असता.'

रूडीने ते दोनदा वाचलं. मग पेपरची घडी घालून बुडाखाली घेतली आणि त्यावर शांतपणे बसून राहिला.

मंगळवारी संध्याकाळी त्याच कॅल्डर सिटीशी दुसरा सामना होता. सामन्याआधी डोअरसाहेबांनी लॉफग्रेनच्या सत्काराचा घाट घातला होता. कारखान्याचा बॅंड आला. शाळेतल्या मुलींनी गाणं म्हटलं. लाल-निळ्या पताका लावल्या होत्या, आणि त्यांच्यावरून कातड्याचा वास नेहमीसारखाच वाहत होता. मग मखमलीचा पडदा ओढून साहेबांनी भेटवस्तू उघडी केली. पितळेचा भला मोठा पत्रा, आणि त्यावर रविवारच्या सामन्याचा अख्खा तक्ता कोरलेला. कोण किती वेळा खेळला, कोणी किती धावा केल्या, कोणी किती बाद केले. सॉरेलच्या नावापुढे फटक्यांच्या रकान्यात वाटोळं शून्य. आणि सगळ्यांत खाली, स्वतंत्र ओळीत: 'चूक – व्हॅन्सिल.' कारागिराने ते अक्षर जरा ठसठशीतच काढलं होतं. लॉफग्रेन तो पत्रा हातात घेऊन, लाल कान करून उभा राहिला.

"आणि आता," डोअरसाहेब मायक्रोफोनमध्ये म्हणाले, "लायलचा ज्येष्ठ सहकारी, आपला रूडी, दोन शब्द बोलेल." त्यांनी खिशातला कागद आणि पेन हळूच रूडीच्या हातात सरकवलं. सहीसुद्धा गावासमोर व्हावी, अशी त्यांची हौस.

रूडीने कागद खिशात घातला आणि मायक्रोफोन ओढला. आयुष्यात तो यात कधी बोलला नव्हता.

"लायल चांगला फेकतो," तो म्हणाला. "मला भाषण येत नाही. पण क्लॅपसाहेबांनी लिहिलंय की तो चेंडू त्यांच्या आजीने अडवला असता. मला आजीला बघायचंय."

स्टॅंडमध्ये हशा पिकला.

"आजी वारल्या असतील तर वाईट वाटलं. पण नातू वर बसलाय. आणि फलंदाजही इथेच आहे. क्लॅपसाहेब, खाली या. माझा हातमोजा देतो. अमोस तुम्हाला तसाच चेंडू मारेल. तुम्ही अडवलात तर इथल्या इथे सही करतो."

लोक आधी कुजबुजले, मग पाय आपटू लागले. "खाली ये, एव्हरेट! आजीचं नाव राख!" रविवारी ज्यांनी त्याच्या मुठीवर टोप्या उडवल्या तेच आज त्याला खेचायला निघाले होते. गावाला फुकटची करमणूक कोणाच्या खर्चाने होते याचं कधीच सोयरसुतक नसतं. डोअरसाहेब मायक्रोफोनकडे झेपावले, पण बॅंडवाल्यांनी उत्साहाने ढोल बडवायला सुरुवात केली.

क्लॅपला नाही म्हणता आलं असतं. पण वीस वर्षं दुसऱ्यांना कसं खेळावं हे शिकवलेल्या माणसाला हळूहळू वाटायला लागतं की आपल्यालाही येतं. तो जिना उतरला, कोट घडी करून कुंपणावर ठेवला आणि रूडीचा हातमोजा घातला, तोही उलट्या हातात. तो नीट घालून देताना रूडी अगदी नम्रपणे म्हणाला, "गुडघे वाकवा, साहेब. लिहिता ना तुम्ही नेहमी, गुडघे वाकवत नाहीत म्हणून."

सॉरेल बॅट घेऊन आला. त्याचा चेहरा मात्र फारसा खूश नव्हता. "राहू दे रे रूडी," तो जाता जाता म्हणाला. "म्हातारा मरेल."

"आजीसारखं शिवण करत थांबेल. तू मार."

त्याच्या संघातल्या एकाने टाकलेला पहिला चेंडू सॉरेलने माणुसकीने मारला. हळू, तीन-चार टप्पे घेत, मांजराच्या पिल्लासारखा. क्लॅप दोन्ही गुडघे जुळवून त्याच्यावर बसला. उठला तेव्हा चेंडू त्याच्या हातात होता आणि चेहऱ्यावर असा प्रकाश पडला होता की लोकांना क्षणभर दया यावी. तिथेच तो थांबला असता तर सगळं निभावलं असतं. पण क्लॅपने चेंडू डोक्यावर धरला आणि ओरडून म्हणाला, "हाच! हुबेहूब हाच चेंडू! सही कर, व्हॅन्सिल!"

सॉरेलने बॅट खाली टेकवली. त्याने क्लॅपकडे पाहिलं, मग पितळेच्या पत्र्याकडे पाहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडावरचं हसू गेलं.

"हुबेहूब?" तो म्हणाला. "आणखी एक टाका."

दुसरा चेंडू कोणी पाहिला असं सांगणारे गावात पुष्कळ आहेत. रूडी जवळ उभा होता. त्याला फक्त आवाज ऐकू आला. चेंडू क्लॅपच्या कानाजवळून शिट्टी वाजवत गेला आणि मागच्या जाहिरातीच्या फळीला भोक पाडून अडकला. क्लॅपचा हातमोजा वर उडाला, चष्मा एका कानाला लोंबला, आणि अधिकृत गुणलेखक दोन्ही पाय पसरून मातीत बसले.

रूडी मायक्रोफोनची तार ओढत त्याच्याजवळ गेला आणि खाली वाकला. "लागलं नाही ना, साहेब? आता सांगा, फटका की चूक?"

"चूक?" क्लॅप किंचाळला. त्याचा आवाज कर्ण्यांतून साऱ्या मैदानावर, पलीकडच्या रस्त्यावर, नदीपर्यंत गेला. "कसली चूक? मूर्खा, फटका आहे हा! असला चेंडू कोणाच्या बापाला अडवता येईल?"

मग काय झालं ते सांगायला नको. माणसं बाकांवरून खाली पडली. पाद्रीबाबा डोळे पुसत होते. फलक चालवणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर सॉरेलच्या नावापुढे एक फटका लावला, आणि डोअरसाहेबांनी माणूस पाठवून तो काढायला लावला. रूडीने खिशातला सहीविना राहिलेला कागद काढला, त्यात तंबाखूची पिंक टाकली आणि तो चुरगळून टाकून दिला.

यातून न्याय झाला असं कोणाला वाटत असेल तर त्याने लीगच्या अध्यक्षांना ओळखलेलं नाही. त्यांनी आठवडाभर विचार करण्याचं दुःख सोसलं आणि निकाल दिला: गुणलेखकांनी मंगळवारच्या चेंडूबद्दल मत दिलं, रविवारच्या नव्हे, सबब रविवारचा तक्ता कायम. सॉरेलचं शून्य कायम, विक्रम जुन्या विक्रमवीराबरोबर वाटलेला तो वाटलेलाच. क्लॅप गुणलेखक राहिला. तो त्याच मंगळवारी, ढुंगणाखाली उशी घेऊन, परत खोक्यात जाऊन बसला होता. सामन्यात रूडीने दोन खणखणीत फटके मारले. दोन्ही वेळा खोक्यातून मूठ वर आली. दुसऱ्या खेपेला पहिल्या बेसवर उभ्या राहिलेल्या रूडीने टोपी काढून, कमरेत वाकून खोक्याला मुजरा केला. हंगाम संपल्यावर डोअरसाहेबांच्या कारकुनाने त्याला कळवलं की संघाला त्याची गरज नाही, आणि कारखान्यातही सध्या कातडी कमी आहेत. कातडी कमी आहेत हे ऐकून गावातल्या बैलांना बरं वाटलं असेल.

त्या मंगळवारच्या सामन्यानंतर लॉफग्रेन रूडीला खोलीत गाठून उभा राहिला. काखेत तो पत्रा होता. ठेवायला जागा सापडत नव्हती.

"रूडी, मला माहीत होतं. तो फटकाच होता."

"मग बोलला का नाहीस?"

पोरग्याने पत्रा दुसऱ्या काखेत घेतला.

"एकोणिसाव्या वर्षी गप्प बसायला शिकलास," रूडी म्हणाला. "फार वर जाशील तू."

लॉफग्रेनचे डोळे भरून आले. रूडीला त्याचंही काही वाटलं नाही. बुटाच्या नाड्या सोडताना त्याने एवढंच म्हटलं, "बाजूला हो, उजेड अडवतोयस."

आणि तो पोरगा वर गेलाही. मोठ्या लीगमध्ये दीड महिना टिकला, मग त्याचा चेंडू फेकायचा हात निकामी झाला.

हंगाम संपल्यावर एका शनिवारी दुपारी सॉरेल ओटर बेंडला जेवायला आला. लोरीनने डुकराचे चॉप तळले होते, मक्याची कणसं उकडली होती आणि हॉटेलातून आणलेला चेरीचा पाय होता. रूडी फारच रंगात होता. क्लॅपची ती बैठक त्याने खुर्चीवरून घसरून दोनदा करून दाखवली. सॉरेल हसला, कणीस खाल्लं, तोंड पुसलं.

"एक सांगू?" तो म्हणाला. "पाच वर्षांपूर्वी तू तो अडवला असतास."

रूडीचा हात बशीवरच थांबला. "कुठला?"

"माझा. रविवारचा. तू एक पाऊल पुढे यायचास, टप्पा पडायच्या आधी. पाच वर्षांपूर्वीचा तू आला असतास. या वेळी टाच जमिनीला चिकटून राहिली तुझी. मी पळता पळता पाहिलं."

"म्हणजे क्लॅप बरोबर म्हणायचं?"

"क्लॅप गाढव आहे. त्याला टाच दिसत नाही, टोपी दिसते फक्त. मी तुझ्याबद्दल बोलतोय."

रूडीचा चेहरा तांबडा झाला. क्लॅपला, साहेबांना, अध्यक्षांना, साऱ्या गावाला पुरेल एवढी थुंकी त्याच्याकडे होती, पण समोर बसलेल्या या लंगड्या माणसावर थुंकता येईना. या माणसाने स्वतःचा विक्रम गमावला होता, आणि तरी तो मक्याचं कणीस शेवटच्या दाण्यापर्यंत शांतपणे सोलून खात होता.

"पाच नाही," रूडी शेवटी म्हणाला. "सात. पाच वर्षांपूर्वीच गेले होते पाय."

"सात म्हण."

"मग तो फटकाच होता ना, आजच्या माझ्यासाठी?"

"खणखणीत."

रूडीने मान हलवली आणि चॉपचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. मग सॉरेलने सांगितलं की कॅल्डर सिटीच्या धान्याच्या गोदामात पोती उचलायला माणूस हवाय, वास कातड्यापेक्षा पुष्कळ बरा असतो.

"घर भाड्याने मिळेल?" लोरीनने विचारलं.

"मिळेल."

"मग पाय घ्या," ती म्हणाली, आणि चेरीच्या पायचे तीन तुकडे करायला लागली.